जराजीर्ण घोड्याचे स्थौल्य व कार्श्य : वैद्य आणि औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला भाविक येतात आणि घोडेबाजाराला देशभरचे व्यापारी येतात. 1998 पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते, आता ते नंदुरबारमध्ये आहे. परंतु जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील घोडे पाळणाऱ्यांचे नाते अद्याप या बाजाराशी आहे. तेथे सर्वांच्या नजरा तरण्या, डौलदार जनावरांवर असतात. प्रस्तुत लेख बाजारात न येणाऱ्या घोड्यांविषयी आहे. वीस-पंचवीस वर्षे वरातीत नाचलेली घोडी, टांग्यातून सुटलेला घोडा, साक्री-शिंदखेड्याकडील मेंढपाळांचे ओझे वाहून थकलेले तट्टू, ही जनावरे गोठ्याच्या कोपऱ्यात उभी असतात. त्यांचे मालक अनेकदा प्रथम आपल्या, म्हणजे वैद्याच्या वा आयुर्वेदीय औषधांच्या दुकानाच्या पायरीशी येतात आणि विचारतात, "घोडी वाळत चालली, काही ताकदीचे द्या."

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या जनावराचे उरलेले आयुष्य अवलंबून असते. चुकीचे उत्तर कसे दिले जाते, हे आम्ही स्वानुभवावरून सांगू शकतो.

एक रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची वरातीची घोडी बाविशीच्या घरात होती. पाठीचा कणा वर आलेला, पुठ्ठ्यांवरचे मांस उतरलेले, पोट मात्र खाली सुटलेले. फाल्गुन सरला तरी अंगावरचे थंडीतले लांब केस गळालेले नव्हते. पाणी फार पीत असे. मालक प्रेमाने तिला दररोज दोन किलो हरभऱ्याची चंदी, मूठभर गूळ आणि बागेतली पिकलेली केळी खाऊ घालीत. "म्हातारपण आहे, दुसरे काय?" असे ते म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली.

आम्ही घोडी पाहिली नाही. वर्णन ऐकून कार्श्याचे निदान केले आणि बृंहणासाठी अश्वगंधा व शतावरी यांचे चूर्ण गूळ-तुपातून देण्यास सांगितले. दोन महिन्यांनी निरोप आला की, घोडी पुढचे पाय टेकवीत नाही, मागच्या पायांवर भार टाकून ताठ उभी राहते, वळवू गेले तर कण्हते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासले तेव्हा पुढचे दोन्ही खूर तापलेले होते आणि खुराच्या वरील धमनी जोरात उडत होती. खुराच्या आतील पडद्यांचा हा दाह, ज्याला ते लॅमिनायटिस म्हणतात. त्यांनी आयाळीखालची मानेची कड आमच्या हातात दिली. ती कठीण, जाड, मेदाने भरलेली होती. ज्या घोडीला आम्ही कृश समजत होतो तिच्या देहात मांस क्षीण झाले होते आणि मेद वाढला होता. तिच्या मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा जीर्ण विकार होता. गूळ आणि केळी यांच्यावर आमच्या गुळाच्या अनुपानाने भर घातली होती.

तो दोष आमचा होता. म्हणूनच हा विषय त्रैमासिकातून मांडावा असे वाटले.

शास्त्र काय सांगते

अश्वचिकित्सेची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. शालिहोत्राचे नाव सर्वश्रुत आहे. नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सा आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथही उपलब्ध आहेत. परंतु आपल्या विषयाला सर्वांत थेट स्पर्श करतो तो कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील अश्वाध्यक्ष प्रकरणात त्याने अश्ववैद्यांचे काम नेमून दिले आहे. घोड्याच्या शरीराचा ऱ्हास आणि वृद्धी या दोहोंचा प्रतिकार करणे व ऋतूनुसार आहार ठरविणे, असे ते काम आहे. युद्ध, व्याधी वा जरा यांमुळे कामातून गेलेल्या घोड्यांना पोषणापुरता आहार मिळावा, अशी तरतूदही तेथे आहे. ऱ्हास आणि वृद्धी यांचा उल्लेख एकत्र आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वैद्याने दोन्हींकडे पाहावयाचे असते. आम्ही एकाकडेच पाहिले.

चरकाच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय, अष्टौनिन्दितीय, मनुष्यासाठी लिहिलेला आहे. तरी त्यातील तीन विचार या घोडीला जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला विचार असा की, स्थौल्यात मेदाने मार्ग अडविल्यामुळे केवळ मेद वाढत जातो आणि इतर धातूंचे पोषण होत नाही. अंगावर मांस नाही आणि मानेवर मेद आहे, या विसंगत दिसणाऱ्या चित्राचा उलगडा येथे होतो.

दुसरा विचार आहारयोजनेचा आहे. स्थूलासाठी गुरु आणि अपतर्पण, म्हणजे पोटात भरीव पण पोषणाने हलके द्रव्य योजावे. कृशासाठी लघु आणि संतर्पण, म्हणजे पचावयास हलके पण पोषण देणारे द्रव्य योजावे.

तिसरा विचार आपण बहुधा विसरतो. स्थूलाचा अग्नी आणि कोष्ठातील वायू प्रखर असतात. म्हणून त्याच्या आहाराची वेळ टळली तर त्याला घोर विकार होतात. या सूत्राचे घोड्याच्या बाबतीत केवढे महत्त्व आहे, ते पुढे येईल.

वार्धक्य म्हणण्यापूर्वी

वृद्ध घोडा वाळतो तेव्हा वार्धक्य हे निदान सर्वांत शेवटी करावे. त्यापूर्वी पुढील कारणांचा विचार पशुवैद्यकांकडून करून घेणे आवश्यक आहे.

1. दात. घोड्याच्या दाढा जन्मभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. दाढांच्या कडांना धार येते, कोपऱ्यांना आकडे येतात, पुढे दाढा झिजून संपतात. घोडा वैरण चघळून तिचे ओले गोळे खाली टाकू लागला, चंदी तोंडातून सांडू लागली किंवा लिदीत अख्खे दाणे व लांब काड्या दिसू लागल्या, तर दोष दातांत आहे. वर्षातून एकदा, विशी ओलांडल्यावर दोनदा, दात तपासून कानशीने घासून घ्यावेत.

2. सर्रा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या रक्तातील परजीवीमुळे होणारा हा रोग डांस माशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या चावऱ्या माशांमुळे पसरतो आणि पावसाळ्यात व त्यानंतर अधिक आढळतो. थांबून थांबून येणारा ज्वर, पांडुता, पायांवर व पोटाखाली सूज आणि खाणे चांगले असूनही क्षय, ही त्याची लक्षणे होत. यावर निश्चित औषध आहे. तेव्हा म्हातारपण म्हणून स्वस्थ बसणे हा अपराधच ठरेल.

3. ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव, त्वचेवर गाठी व फुटणारे व्रण, हळूहळू क्षय. हा रोग मनुष्यालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. शंका येताच घोडा वेगळा बांधावा, त्याला हात लावू नये व शासनाच्या पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे. 2009 च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या अधिनियमानुसार तसे कळविणे बंधनकारक आहे. निदानाची राष्ट्रीय पातळीवरील सोय हिसार येथील अश्व संशोधन केंद्रात आहे.

4. पिट्यूटरी ग्रंथीचा जीर्ण विकार. बहुधा पंधरा वर्षांपुढील घोड्यांत दिसतो. न गळणारे लांब केस, पाठीचे मांस उतरणे, सुटलेले पोट, अतितृष्णा व अतिमूत्रता, वारंवार होणारे संसर्ग, आणि खुरांचा दाह. रक्ताच्या तपासणीने निदान होते. पर्गोलाइड हे औषध जन्मभर द्यावे लागते. ते पशुवैद्यकांनीच ठरवावे.

5. जंत, यकृत व वृक्क यांचे विकार, आणि जुनाट श्वासविकार. धुळीच्या वैरणीने खोकणारा व नाकपुड्या फुलवून श्वास घेणारा घोडा श्वासासाठीच इतकी शक्ती खर्च करतो की, त्याला मांस धरत नाही.

मोजमाप : नजरेवर विसंबू नये

दररोज पाहणाऱ्या मालकाला घोड्याच्या देहातील बदल दिसत नाही. वजनकाटा खेड्यात मिळत नाही. शिंप्याची मापपट्टी मात्र सर्वत्र मिळते.

पुढच्या पायांच्या मागून, खांद्याच्या उंचवट्यामागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि 11880 ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. ते अंदाजी असते, परंतु त्याच पट्टीने, त्याच माणसाने, दर पंधरा दिवसांनी मोजले तर चढ-उतार निश्चित कळतो.

उपरोक्त घोडीचा घेर 158 आणि लांबी 146 सेंटिमीटर होती, म्हणजे वजन सुमारे 307 किलो. चार महिन्यांनी घेर 153 झाला, म्हणजे वजन सुमारे 288 किलो. घेरातील पाच सेंटिमीटरचा फरक डोळ्यांना दिसला नव्हता. तो एकोणीस किलोंचा होता.

वजनाबरोबर हाताने चाचपणेही आवश्यक आहे. 1983 मध्ये हेनेके यांनी मांडलेली एक ते नऊ अंकांची पद्धत जगभर वापरली जाते. मान, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचा मूळभाग अशा सहा ठिकाणी हात फिरवून मेद पाहतात. पाच हा मध्यम अंक होय. त्यात बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. वृद्ध घोड्यात मात्र ही बेरीज फसवी ठरू शकते. कारण पाठीचा अंक दोन आणि मानेचा अंक आठ असू शकतो. म्हणून सहाही ठिकाणचे निरीक्षण स्वतंत्र लिहावे आणि मानेच्या कडेला विशेष महत्त्व द्यावे. लांब केसांखाली बरगड्या लपतात. तेथे डोळ्याचा उपयोग नाही, बोटेच हवीत.

स्थूल घोडा : लंघन नको

येथे वैद्यबंधूंनी विशेष सावध राहावे. स्थौल्य म्हटले की, आपल्या मनात लंघन येते. घोड्यात, त्यातही तट्टू व गाढव यांत, लंघन प्राणघातक ठरू शकते. आहार अकस्मात तुटला की, शरीरातील मेद मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरतो, यकृत त्याने भरून जाते, घोडा मलूल होतो, खाणे पूर्ण सोडतो आणि काही दिवसांत दगावतो. स्थूल, रोगी वा गाभण जनावरांत हा धोका सर्वाधिक असतो. आहाराची वेळ टळल्याने स्थूलाला घोर विकार होतात हा चरकाचा इशारा घोड्याच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो. शिवाय घोड्याचे जठर लहान असते आणि त्यात अम्ल सतत स्रवत असते. कित्येक तास पोट रिकामे राहिल्यास जठरात व्रण होतात. घोड्याला वांती होत नाही, तेव्हा वमनाचा विचारच संभवत नाही.

मग करावे काय? गुरु-अपतर्पण. वजनाच्या दीड टक्का शुष्क भार वैरणीतून द्यावा. तीनशे किलोंच्या घोडीला हे साडेचार किलो होतात. वाळल्या गवतात सुमारे दहावा हिस्सा पाणी असते, म्हणून प्रत्यक्षात पाच किलो गवत तोलून द्यावे. उशिरा कापलेले, काडीदार मारवेल किंवा डोंगरी गवत उत्तम. कुसळी गवत पाहून घ्यावे, कारण त्याची कुसळे हिरड्यांत रुततात. गवत अर्धा ते एक तास स्वच्छ पाण्यात भिजवून, पाणी निथळून फेकून द्यावे व गवत लगेच खाऊ घालावे. यामुळे त्यातील साखरेचा काही अंश निघून जातो आणि धूळही बसते. उन्हाळ्यात भिजवलेले गवत लवकर आंबते, म्हणून एका वेळचेच भिजवावे. दिवसाचा भाग चार-पाच वेळांत विभागावा. बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगल्यास घोडा सावकाश खातो.

गूळ, साखर, केळी, धान्याची चंदी आणि शिळी भाकरी पूर्ण बंद करावी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पिकलेली केळी घोड्याला देणे हा मायेचा भाग असतो. मालकाला ते पाप वाटावे असे बोलू नये. परंतु अशा घोड्याच्या खुराला ती माया सोसत नाही, हे स्पष्ट सांगावे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्क्याहून अधिक घट होऊ देऊ नये.

खुरांचा दाह असताना चालविणे वर्ज्य. मऊ वाळूची वा भरपूर काडाची बिछायत करावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत खुरांना गारवा द्यावा. स्वेदन, उष्ण लेप वा तापविलेल्या तेलाचा अभ्यंग यांचा मोह टाळावा. पशुवैद्यक व नालबंद दोघांनी मिळून खूर कापण्याचे ठरवावे. दाह पूर्ण ओसरल्यावर रोजचे संथ चालणे हाच मेदाचा खरा उपचार होय.

कृश घोडा : लघु-संतर्पण

दात तपासले, सर्रा व जंत नाहीत, मानेवर मेद नाही आणि तरीही बरगड्या दिसतात, अशा घोड्यालाच बृंहण योग्य. वजनाच्या दोन ते अडीच टक्के शुष्क भार, म्हणजे तीनशे किलोंना सहा ते साडेसात किलो, द्यावा. दाढा नसतील तर लांब काडी चावली जात नाही आणि आतड्यात अडकते. अशा घोड्याला बारीक कुट्टी केलेले मऊ गवत, वाळवून चुरलेला लसूणघास आणि हरभऱ्याचे कुटार कोमट पाण्यात तासभर भिजवून लापशीसारखे द्यावे. हिरव्या लसूणघासात सुमारे चार पंचमांश पाणी असते, म्हणून दहा किलो हिरवा घास दिला तरी शुष्क भार दोनच किलो जातो, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

चंदी द्यावयाचीच तर भिजवून, भरडून, एका वेळी अर्धा किलोच्या आत द्यावी. घोड्याचे जठर लहान असल्यामुळे अधिक धान्य अर्धपचित स्थितीत मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवतो. त्यापेक्षा स्नेह बरा. रोजच्या वापरातले ताजे, खवट न झालेले खाद्यतेल तीस मिलिलिटरपासून सुरू करून तीन आठवड्यांत दीडशे ते दोनशे मिलिलिटरपर्यंत वाढवावे. तेलाच्या प्रमाणात जीवनसत्त्व ई लागते, त्याची मात्रा पशुवैद्यकांना विचारावी. गव्हाचा कोंडा घोडेवाल्यांना प्रिय आहे. परंतु त्यात स्फुरद फार आणि चुना अल्प असल्याने रोज भरपूर कोंडा दिल्यास हाडे ठिसूळ होतात. लसूणघासात चुना पुरेसा असतो, त्यामुळे या दोहोंचा मेळ बसतो.

कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत क्रमाक्रमाने करावा. कळपात असेल तर वृद्ध घोड्याचा तोबरा वेगळा बांधावा; तरुण जनावर त्याला खाऊ देत नाही.

खानदेशातील वैरण : काही धोके

ज्वारी हे आपले पीक. कोवळ्या ज्वारीने व खोडव्याच्या फुटव्याने गुरांना किराळ लागते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. घोड्याला हिरवी ज्वारी दीर्घकाळ दिल्यास मूत्राशय व मागचे पाय दुर्बल होतात, हे मात्र फारसे ठाऊक नाही. वाळला कडबाही बुरशीविरहित असेल तरच, कुट्टी करून द्यावा.

सरकी पेंड गुरांसाठी ठीक; घोड्यासाठी तिच्यातील गॉसिपॉल आणि साठवणुकीतील बुरशी दोन्ही अहितकर. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड यकृताचा नाश करते. एरंडाच्या बिया व पेंड घोड्याला अत्यल्प मात्रेतही विषारी आहेत. खताची गोणी गोठ्याजवळ ठेवू नये. कण्हेरीची पानेही तशीच.

सर्वांत अपरिचित धोका तयार पशुखाद्याचा आहे. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन घातलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याच्या हृदयाला ते मारक आहे. "गाईचे खाद्य चांगले लागते, तेच घालतो," असे कोणी सांगितले तर त्याला तत्काळ थांबवावे.

ऋतुमानानुसार

ग्रीष्मात जळगाव-धुळ्याचा पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. केस न गळणाऱ्या घोड्याला हा काळ जीवघेणा असतो. फाल्गुन-चैत्रातच यंत्राने केस कापून घ्यावेत. तीनशे किलोंच्या घोड्याला सौम्य हवेत पंधरा-अठरा लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात दुप्पट, आणि उपरोक्त ग्रंथिविकारात त्याहूनही अधिक. दररोज वीस-तीस ग्रॅम मीठ व सावली द्यावी. "फार पितो" म्हणून पाणी तोडणे ही घोर चूक होय.

वर्षा ऋतूत चिखलाने खूर कुजतात व चावऱ्या माश्या वाढतात. कोरडी जागा आणि सायंकाळी धूर यांची व्यवस्था असावी. लुसलुशीत कोवळे गवत स्थूल घोड्याला मोकळे चरू देऊ नये. शरदात ग्रंथिविकार असलेल्या घोड्यात संबंधित स्राव स्वभावतःच वाढतो, त्यामुळे भाद्रपद-आश्विनात खुरांवर रोज हात ठेवून पाहावे. हेमंतात कृश घोड्याला रात्रीची वैरण वाढवावी, कारण वैरणीच्या पचनातूनच त्याला ऊब मिळते.

वैद्याची व औषधविक्रेत्याची मर्यादा

1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. आपली नोंदणी मनुष्यचिकित्सेची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 यात आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत प्राण्यांसाठीच्या औषधांचाही समावेश आहे. त्यामुळे परवानाप्राप्त, पशूंसाठी तयार केलेली औषधे विक्रेता ठेवू शकतो. परंतु मनुष्याची मात्रा घोड्याच्या वजनाने गुणून देणे हे शास्त्र नव्हे. कुचला, वत्सनाभ, जयपाल, भल्लातक व रसकल्प असलेला "घोड्याचा मसाला" मागितला गेला तरी देऊ नये. मेदोहर वा बलवर्धक चूर्ण देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. वय किती? केस गळतात का? मानेची कड जाड आहे का? पाणी फार पितो का? पाय जपून टाकतो का? केस, मान, पाणी आणि पाय यांविषयीच्या चारांपैकी एका उत्तराने जरी शंका आली तरी पुडी न बांधता जिल्हा वा तालुका पशुवैद्यकीय चिकित्सालयाचा रस्ता दाखवावा.

दुकानात एक मापपट्टी आणि वरील सूत्र लिहिलेला कागद ठेवावा. घोडेवाल्याला तो फुकट द्यावा. आमच्या अनुभवात चूर्णाच्या शंभर पुड्यांपेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडला आहे.

मालकाला आणखी दोन गोष्टी सांगण्याचे धैर्य आपल्यात हवे. वय वा रोग यांमुळे अक्षम झालेल्या जनावराकडून काम घेणे 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे; लग्नसराईत "एकच वरात" म्हणूनही नाही. आणि जेव्हा घोडा उठू शकत नाही, वेदना औषधाने शमत नाही व अन्नावरची वासना उडते, तेव्हा वेदनारहित मृत्यूविषयी पशुवैद्यकांशी बोलणे हीही सेवाच आहे.

उपसंहार

त्या घोडीचा गूळ, हरभरा व केळी बंद झाली. दात घासले गेले, खूर नीट कापले गेले, ग्रंथिविकारावर पशुवैद्यकांनी औषध दिले. भिजवलेले गवत मोजून मिळू लागले. चार महिन्यांनी ती गोठ्यापासून विहिरीपर्यंत स्वतः चालत गेली. वरातीत पुन्हा गेली नाही. पुढे दोन हिवाळे तिने काढले. त्या काळात मालक दर पंधरवड्याला घेर मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहीत. तिच्या पाठीवरचे मांस पूर्ववत झाले नाही, ते होणारही नव्हते. जीर्णव्याधीत आपण याप्य साधतो, पूर्ण निवृत्ती नाही.

कौटिल्याने अश्ववैद्याला ऱ्हास आणि वृद्धी दोन्ही पाहण्यास सांगितले, चरकाने आहाराची दिशा दिली, आधुनिक पशुवैद्यकाने ग्रंथी आणि खूर दाखविले. हे तिन्ही हाताशी असताना केवळ वर्णन ऐकून पुडी बांधण्याची चूक आमच्याकडून झाली तशी कोणा वैद्यबंधूकडून न होवो, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.